उत्तरेचा उजेड : गिरणीच्या इमारतीचे वाचन

मराठी साहित्याने गिरणी कामगाराला जवळ केले, पण गिरणीच्या इमारतीकडे फारसे पाहिले नाही. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून जयंत पवारांच्या ‘अधांतर’पर्यंत गिरणगावातली माणसे आपल्याला भेटत आली आहेत. अण्णा भाऊ साठे आणि नारायण सुर्वे या दोघांनी तर स्वतः गिरणीत काम केले होते. चाळीतली दहा बाय दहाची खोली, खानावळ, भजनी मंडळ, पहाटेचा भोंगा, गेटावरची सभा, संप, हे सारे आपल्या वाचनाचा भाग झाले आहे. या लेखनाच्या केंद्रस्थानी माणूस आहे आणि ते योग्यच आहे. मात्र तो माणूस दिवसाचे दहा-बारा तास ज्या छपराखाली घालवत होता ते छप्पर करवतीच्या दात्यांसारखे का होते, सूत मजल्यांवर आणि कापड जमिनीवर का तयार होत असे, आवारात तलाव कशासाठी होता, हे प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. गिरणी म्हणजे एक चिमणी आणि एक भिंत एवढेच चित्र आपल्या मनात राहिले आहे.

गेली काही वर्षे मी जुन्या गिरण्यांच्या इमारती, त्यांचे नकाशे आणि छायाचित्रे पाहतो आहे. त्यातून माझी एक धारणा पक्की होत गेली. गिरणीची इमारत ही यंत्रे ठेवण्यासाठी उभारलेली नुसती कोठी नव्हती, ती स्वतःच एक यंत्र होती. तिची प्रत्येक भिंत, खांब आणि खिडकी कापसाच्या, वाफेच्या, आगीच्या किंवा उजेडाच्या एखाद्या गरजेतून आली होती. आणि हे यंत्र बंद पडल्यावर मुंबईतल्या शेकडो एकर जमिनीचे वाटप कसे व्हायचे, हेही बऱ्याच अंशी या इमारतीच्या आकारानेच ठरवले. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

इंजिनाभोवती बांधलेले घर

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ काढली आणि ताडदेवची त्यांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. मुंबईच्या गिरणी उद्योगाची सुरुवात इथून मानतात. यंत्रे लँकेशायरहून आली आणि त्यांच्याबरोबर इमारतीची कल्पनाही तिथूनच आली. ते स्वाभाविक होते. चात्या किती, साचे किती, इंजिन किती ताकदीचे, हे एकदा ठरले की इमारतीचा आराखडा जवळजवळ आपोआप ठरत असे.

आज प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार असते, म्हणून यंत्र कुठेही ठेवता येते. वाफेच्या काळात तसे नव्हते. सगळ्या गिरणीला मिळून एकच मोठे इंजिन असे. त्याच्या प्रचंड गतिचक्रावर खाचा पाडलेल्या असत आणि त्या खाचांतून सुती दोरखंड निघून थेट वरच्या प्रत्येक मजल्यापर्यंत जात. त्यासाठी इंजिनघराला लागून एक उंच, अरुंद, तळापासून माथ्यापर्यंत मोकळी जागा सोडावी लागे. प्रत्येक मजल्यावर छताखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोखंडी दांडा फिरत असे. त्या दांड्यावरच्या कप्प्यांवरून चामडी पट्टे खाली उतरत आणि एकेक यंत्र चालवत. दांडा जितका लांब तितकी शक्ती घर्षणात वाया जाणार आणि पिळाने तो तुटण्याची भीतीही वाढणार. म्हणून मजल्याची लांबी मनमानेल तेवढी वाढवता येत नसे. इंजिनघर मध्याच्या आसपास ठेवून दोन्ही बाजूंना खाती पसरवली की दांड्यांची लांबी आटोक्यात राहत असे.

हा दांडा लटकवायचा कशावर? बिडाच्या खांबांवर. म्हणून जुन्या गिरणीतल्या बिडाच्या खांबांना माथ्याजवळ कानासारखे सपाट भाग ओतलेले दिसतात. ती नक्षी नव्हे. दांड्याचे आधार तिथे बोल्टांनी बसत. खांब छत उचलून धरत होता आणि त्याच वेळी यंत्रही धरत होता. इमारत कुठे संपते आणि यंत्र कुठे सुरू होते, हे या खांबाकडे पाहून सांगता येत नाही.

चिमणी आणि तलाव

चिमणी म्हणजे धूर वर सोडण्याची नळी, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. चिमणीचे मुख्य काम हवा ओढण्याचे. विल्यम फेअरबर्न यांच्या नावाशी जोडलेला ‘लँकेशायर बॉयलर’ १८४४ पासून प्रचारात आला आणि कापड गिरण्यांत तो दीर्घकाळ टिकला. त्याच्या दोन भट्ट्यांत कोळसा नीट जळायचा तर भरपूर हवा आत यायला हवी. तापलेला वायू हलका होऊन उंच चिमणीतून वर चढतो, मागे पोकळी होते आणि भट्टीच्या तोंडातून ताजी हवा आत खेचली जाते. चिमणी जितकी उंच तितकी ही ओढ जोरदार. पंखा नाही, मोटार नाही, केवळ उंची आणि उष्णता यांवर चालणारा हा भाता होता. ती वर निमुळती होत जाते, कारण वाऱ्याचा रेटा माथ्यावर अधिक असतो आणि विटांचे वजन खाली पायाजवळ हवे असते.

तलावाचे कारण इंजिनातच आहे. काम झालेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी केले की इंजिनाला जास्त ताकद मिळते. हे थंड करायला सतत गार पाणी लागते, आणि ते तापले की पुन्हा निवायला जागा लागते. म्हणून गिरणीच्या आवारात तलाव असे किंवा गिरणीच तलावाकाठी उभी राहत असे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या आवारात असा तलाव आहे. नागपूरची एम्प्रेस मिल जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळ, उभारली गेली. नव्या बांधकामात असा तलाव ‘निसर्गरम्य’ म्हणून मिरवला जातो. मुळात तो इंजिनाचा एक अवयव होता.

मजले, शेड आणि त्यांच्यामधली रेषा

कापड गिरणीत दोन जगे असतात : सूत कातणे आणि कापड विणणे. पिंजलेल्या कापसाचे पेळू होतात, पेळूंचे सूत होते, सुताला कांजी लागते, मग ते साच्यावर चढते. कताईची यंत्रे ओळीने, एकावर एक मजल्यांवर ठेवता येतात. साच्याचे तसे नाही. धोटा दर मिनिटाला शेकडो वेळा इकडून तिकडे आपटतो. शेकडो साचे एकदम चालू लागले की जमीन थरथरते. हे हादरे वरच्या मजल्याला सोसणारे नसतात. शिवाय विणकराला ताण्यातला एकेक धागा दिसायला हवा. म्हणून विणकाम एकमजली शेडमध्ये, थेट जमिनीवर आणि वरून येणाऱ्या उजेडात होत असे. गिरणीच्या आवारात एक उंच इमारत आणि तिच्या पायाशी दूरवर पसरलेले बुटके छप्पर अशी जोडी दिसते, ती यामुळे.

कताईच्या मजल्यांचा आकारही यंत्राने ठरवला. जुने ‘म्यूल’ यंत्र सूत कातताना आपला गाडा सुमारे पाच फूट पुढे ढकलत असे आणि पुन्हा मागे घेत असे. त्याच्या वाटेत खांब आलेला चालत नसे, म्हणून खांबांच्या ओळी दूर ठेवाव्या लागत आणि मजले रुंद होत. पुढे ‘रिंग’ चाती आली. तिला गाडा नाही, ती जागेवरच फिरते. तिने कमी जागेत जास्त सूत निघू लागले आणि त्यासाठी पूर्वीइतका कुशल कातारी लागेना.

या मजल्यांवर सर्वांत मोठी भीती आगीची. हवेत कापसाचे तंतू, जमिनीवर सांडलेले तेल, उघडा दिवा किंवा तापलेले बेअरिंग : एवढे पुरे होते. इंग्लंडमध्ये लाकडी मजल्यांच्या गिरण्या एकामागून एक जळाल्या, तेव्हा १७९७ साली श्रूजबरी इथे अंबाडीच्या गिरणीसाठी लोखंडी खांब आणि लोखंडी तुळया वापरून इमारत बांधली गेली. जगातली लोखंडी सांगाड्याची ती पहिली इमारत मानतात. आजच्या गगनचुंबी इमारतींचे मूळ शोधत मागे गेले तर आपण एका सूतगिरणीत पोहोचतो. लोखंडी तुळयांच्या मध्ये विटांच्या उथळ कमानी घालून केलेला मजला आपल्याकडेही रूढ झाला. जिने मुख्य इमारतीच्या बाहेर, जाड भिंतींच्या बुरुजात ठेवत, म्हणजे आग एका मजल्यावरून दुसऱ्यावर चढू नये आणि माणसांना उतरायला वाट राहावी. अनेकदा याच बुरुजाच्या माथ्यावर पाण्याची टाकी असे. तिथून उतरणाऱ्या नळांवर छतात आग विझवणारे फवारे बसवत. दुरून किल्ल्यासारखा दिसणारा गिरणीचा बुरूज म्हणजे जिना आणि पाणी.

मजले आणि शेड यांच्यामधल्या रेषेबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती वास्तुशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. मुंबईत विणकामाच्या खात्यात दलित कामगारांना घेतले जात नसे. जुन्या धोट्यात नवी कांडी बसवली की धोट्याच्या छिद्राला तोंड लावून धागा ओढून घ्यावा लागे. तोच धोटा नंतर दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले गेले. विणकाम जास्त पगाराचे होते, त्यामुळे या ‘विटाळा’ला पगाराची धारही होती. दलित कामगार कताईच्या खात्यांतच अडकून राहिले. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना खुले करण्याचा आग्रह धरला. हादऱ्यांमुळे आणि उजेडामुळे आखलेली रेषा इथे जातीची रेषा झाली. भारतातल्या गिरणीचा नकाशा वाचताना लँकेशायरच्या नकाशात नसलेली ही एक भिंत आपण स्वतः काढून घ्यावी लागते.

करवतीचे दाते

आता छपराकडे येऊ. विणकामाच्या शेडचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असते. प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती, कौलांची किंवा पत्र्याची, आणि दुसरी चढी, काचेची. ही काच उत्तरेकडे तोंड करून असते. उत्तर गोलार्धात सूर्य बहुतेक काळ दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या काचेतून ऊन येत नाही, फक्त आकाशाचा शांत उजेड येतो. त्याला सावली नसते आणि तो दिवसभर फारसा बदलत नाही. चित्रकार आपला स्टुडिओ उत्तरेला खिडकी ठेवून बांधतात, त्याचे कारणही हेच. सुताची गाठ, तुटलेला धागा, कापडातला दोष या उजेडात डोळ्यांना चटकन सापडतो.

मात्र लँकेशायरचे छप्पर उचलून मुंबईत ठेवता येत नाही. थोडा हिशेब करू. मँचेस्टर साडेत्रेपन्न अक्षांशांवर आहे. तिथे ऐन जूनमध्येही दुपारचा सूर्य क्षितिजापासून ६० अंशांवर चढत नाही. म्हणून काच जमिनीशी ६० अंशांचा कोन करून तिरपी बसवली तरी दुपारचे ऊन वर्षभरात कधीच आत येणार नाही, आणि तिरप्या काचेतून उजेड मात्र जास्त मिळेल. मुंबई एकोणीस अक्षांशांवर आहे. तीच तिरपी काच इथे बसवली तर फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे आठ महिने, दुपारचे ऊन थेट साच्यांवर पडेल. आपल्याकडे काच उभी, निदान जवळजवळ उभी हवी. आणि एवढे करूनही एक अडचण उरतेच. साधारण १५ मे ते २७ जुलै या काळात मुंबईत दुपारचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो, म्हणजे उत्तरेची काच तेव्हा उन्हाचीच काच होते. त्यातला जून-जुलैचा भाग पावसाळी ढग सांभाळून घेतात. उरतो मे अखेरचा आणि जूनच्या आरंभाचा काळ. वर्षातल्या सर्वांत उकाड्याच्या या दिवसांत छपराची युक्तीही साथ सोडते.

पावसाळ्यात दुसरा प्रश्न. दोन दात्यांच्या मधल्या प्रत्येक पन्हळीत पाणी साचते. ते काढायचे कुठून? शेड चारी बाजूंनी पसरलेली, मध्ये कुठेही भिंत नाही. अशा शेडमध्ये पोकळ बिडाचा खांब कामी येई. पन्हळीतले पाणी खांबाच्या पोटातून खाली उतरून जमिनीखालच्या गटारात जाई. छप्पर पेलणारा खांब पावसाळ्यात नळही होत असे. लँकेशायरच्या रिमझिम पावसासाठी योजलेल्या या व्यवस्थेवर कोकणच्या किनाऱ्याचा पाऊस पडला की गळती ही ठरलेलीच.

उजेडाचा आणखी एक अर्थ होता : वेळ. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणी सूर्योदयाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद होत असे. मुंबईत डिसेंबरातला दिवस सुमारे अकरा तासांचा आणि जूनमधला सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. छपरातली काच हेच कामगाराचे घड्याळ होते आणि ते उन्हाळ्यात त्याच्याकडून जास्त काम करून घेत असे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेऊन सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठवला. त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर कामाच्या तासांची मागणी होती. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. पण पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाही गेली. १९०५ च्या सुमारास, स्वदेशीच्या चळवळीने मागणी वाढली असताना, काही गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालू लागल्या आणि त्याविरुद्ध मुंबईत कामगारांचा उद्रेक झाला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. म्हणजे आधी जी मर्यादा छपराने घातली होती, ती दिव्यांनी मोडली, आणि मग ती कायद्याला घालावी लागली.

कोरड्या हवेतली गिरणी

हवेतला ओलावा हा गिरणीचा न दिसणारा कच्चा माल आहे. कापसाचा तंतू ओलावा शोषून बळकट होतो. हवा कोरडी झाली की धागा ठिसूळ होतो, वारंवार तुटतो आणि घर्षणाने विजेचा भार येऊन तंतू फिसकारतात. लँकेशायर आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी समुद्राची दमट हवा फुकट मिळत होती. मग जमशेटजी टाटांनी आपली गिरणी नागपूरला का नेली?

त्यांचा हिशेब वेगळा होता. कापूस विदर्भात, कोळसा वरोऱ्याच्या खाणीत, बाजारपेठ आसपास आणि नागपूरपर्यंत आलेली जीआयपी रेल्वे. मुंबईला कापूस नेऊन कापड परत आणण्यापेक्षा गिरणीच कापसाकडे नेलेली बरी. १८७४ साली ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ पंधरा लाख रुपयांच्या भांडवलावर स्थापन झाली. जुम्मा तलावाजवळची जागा दलदलीची होती, तिथे आधी भराव घालावा लागला. हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे, असे म्हणून एका सावकाराने पैसे द्यायचे नाकारल्याची कथा टाटांच्या चरित्रांत आहे. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ घोषित केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिचे नाव ‘एम्प्रेस मिल’ पडले. रेल्वेतून आलेले बेझनजी दादाभाई मेहता तिचे व्यवस्थापक होते.

नागपूरच्या उन्हाळ्यात जे मुंबईत फुकट होते ते विकत घ्यावे लागले. खात्यांत हवा दमट ठेवणारी यंत्रे बसवली गेली आणि आगीसाठी फवारेही बसले. लँकेशायरमध्ये रिंग चातीकडे अजून संशयाने पाहिले जात होते, तेव्हा १८८० च्या दशकात टाटांनी ती एम्प्रेसमध्ये चालवून पाहिली आणि मग मोठ्या प्रमाणावर आणली. १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत एकाच्या पाच गिरण्या झाल्या.

मात्र दमट हवा धाग्याला मानवते ती माणसाला मानवतेच असे नाही. बाहेर मे महिन्याचा नागपुरी उन्हाळा, आत यंत्रांची उष्णता आणि तीत मिसळलेली वाफ. खिडकी उघडली तर धागा तुटतो, बंद ठेवली तर श्वास कोंडतो. अनेक गिरण्यांत खिडक्या होत्या पण त्या बंदच असत. बाहेरून सुंदर दिसणाऱ्या त्या कमानीदार खिडक्यांच्या ओळी उजेडासाठी होत्या, वाऱ्यासाठी नव्हत्या. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत साठून होणारा दमा हा या बंद खिडक्यांचाच दुसरा चेहरा होता.

एम्प्रेस मिलची कंपनी १९८६ मध्ये दिवाळखोरीत निघाली. राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाने काही वर्षे ती चालवली, २००२ साली ती बंद झाली. आज त्या जागी मॉल आणि निवासी संकुल आहे. नाव मात्र ‘एम्प्रेस’च राहिले.

छपराखालची जमीन

१९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. हळूहळू इंजिने थांबली, दोरखंड उतरले, छताखालचे दांडे निघाले, प्रत्येक यंत्राला मोटार आली. इंजिनघराची कोठारे झाली. गिरणीला आता विशिष्ट आकाराच्या इमारतीची गरज उरली नव्हती. तरीही जुन्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत काम चालू राहिले, कारण मालकांनी नव्या इमारतींत पैसा घालण्याऐवजी जुन्यांतून निघेल तेवढे काढून घेतले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपाची कथा इथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. मला सांगायची आहे ती त्यानंतरची, जमिनीची. शहरात ५८ गिरण्या होत्या आणि त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने ठरवले की गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला मिळावी. सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा करण्यासाठी १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली.

२००१ साली नियम बदलला. तीन वाटे फक्त ‘मोकळ्या’ जमिनीचे करायचे, इमारत पाडून रिकाम्या झालेल्या जमिनीचे नाही, असा त्याचा अर्थ झाला. आता वर वर्णन केलेले छप्पर डोळ्यांसमोर आणा. साचे जमिनीवरच हवेत म्हणून विणकाम शेड आडवी पसरलेली. तिच्याभोवती गोदामे, कांजी खाते, इंजिनघर, बॉयलर. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन अशी उरतेच किती? ज्या इमारतीचे स्वरूपच जमीन व्यापण्याचे आहे तिच्या बाबतीत ‘मोकळ्या जमिनीचा तिसरा हिस्सा’ म्हणजे जवळजवळ काहीच नाही. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने हा अर्थ नाकारला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. दरम्यान २००५ च्या लिलावांत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची एकटी मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटी रुपयांना विकली गेली. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघायला २०१२ साल उजाडले, आणि अर्जदार दीड लाखाच्या आसपास होते.

धोट्याच्या हादऱ्यांसाठी एकोणिसाव्या शतकात घेतलेल्या निर्णयाने एकविसाव्या शतकात शहराची बाग आणि कामगाराचे घर यांचा वाटा आक्रसला. हे कोणी योजले होते असे मी म्हणत नाही. पण ज्यांनी २००१ चा शब्दबदल केला त्यांना गिरणीची इमारत वाचता येत होती, आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यापैकी बहुतेकांना ती कशी वाचायची हे कोणी सांगितलेच नव्हते. इमारतीचे वाचन हा वास्तुप्रेमींचा छंद नाही, असे मला वाटते ते यासाठी.

काय राखायचे?

गिरण्या पाडताना अनेक ठिकाणी चिमणी ठेवली गेली. १९०५ साली सुरू झालेल्या फिनिक्स मिलच्या जागी लोअर परळमध्ये मॉल झाला, चिमणी तशीच उभी आहे. हे समजण्यासारखे आहे. चिमणी थोडी जागा घेते, दुरून दिसते, छायाचित्रात छान येते. शेड मात्र एकर-दीड एकर जमीन अडवते, म्हणून ती आधी जाते. परिणामी आपण गिरणीचे नाक जपतो आणि छाती फेकून देतो. चिमणीखाली फार थोडी माणसे काम करत होती. हजारो माणसांचे आयुष्य गेले ते त्या करवती छपराखाली.

शेड राखून वापरता येते, याची उदाहरणे आहेत. पुणे स्टेशनजवळच्या राजाबहादूर मिलच्या आवारात जुन्या बांधकामांत उपाहारगृहे आणि कचेऱ्या आल्या आहेत. काळाचौकीची गिरणी महापालिकेने वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयासाठी घेतली आहे. मात्र वापर बदलताना इमारतीचे मूळ शहाणपण विसरून चालत नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री कमला मिल कंपाउंडमधल्या एका इमारतीच्या गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून चौदा माणसे गेली. आगीच्या भीतीतून ज्या वास्तुप्रकाराचा जन्म झाला, जिथे जिना आणि पाणी यांना बुरुजाचा मान होता, त्याच गिरणगावात बाहेर पडायची वाट न सापडून माणसे मेली.

मी वाघोलीत राहतो. इथे गिरणी नव्हती. इथल्या खाणींतून निघतो तो काळा पाषाण, ज्या जातीच्या दगडाने महाराष्ट्रातल्या कित्येक गिरण्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. आता नगर रस्त्याच्या आसपास दूरवर गोदामे पसरली आहेत. पत्र्याच्या भिंती, पत्र्याचे छप्पर, आत दिवसरात्र विजेचा उजेड. आकाराने ती विणकाम शेडइतकी किंवा तिच्याहून मोठी असतील. पण ती शेड उत्तर दिशा ओळखत होती, ऋतू ओळखत होती, आणि डोळ्यांना काय दिसायला हवे हे तिला ठाऊक होते. गोदामाला दिशा नाही. आतल्या माणसाचा दिवस कधी उगवतो आणि मावळतो हे त्याचे छप्पर सांगत नाही. तिथे काम करणाऱ्यांच्या तासांचा प्रश्न मात्र लोखंड्यांच्या अर्जातलाच आहे.

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. महाराष्ट्रात मुंबईबाहेरही जुन्या गिरण्यांच्या इमारती शिल्लक आहेत. त्या सगळ्या वाचतील असे नाही. पण पाडण्यापूर्वी प्रत्येक इमारतीचे मोजमाप घेऊन नकाशे काढावेत, आणि ते काढताना तिथे काम केलेल्या एखाद्या म्हाताऱ्या कामगाराला बरोबर घ्यावे. खांबांमधले अंतर वास्तुविशारद मोजू शकेल. कोणत्या खांबाजवळ उजेड चांगला होता म्हणून तिथला साचा मिळावा यासाठी धडपड चाले, पावसाळ्यात कोणती पन्हळ गळत असे, कोणती खिडकी कधीच उघडली गेली नाही, हे त्या कामगारालाच सांगता येईल. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासाने अशा आवाजांचे मोल दाखवून दिले आहे. तो आवाज आणि तो नकाशा एका कागदावर यायला हवा. त्या कामगारांचे वय पाहता, या कामाला फार वर्षे हाताशी नाहीत.